बूट-मोजे ते गुजराती साडी : डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पेहरावाचे एक वाचन

फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातले १० ऑक्टोबर १८८५ या तारखेचे एक छायाचित्र आता आपल्याकडे चांगलेच परिचयाचे झाले आहे. महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांनी दिलेल्या स्वागतसमारंभाच्या वेळचे हे छायाचित्र. त्यात तीन विद्यार्थिनी आहेत : हिंदुस्थानातल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली. तिघी आपापल्या देशाच्या वेषात आहेत. शाळांच्या भिंतींवर, महिला दिनाच्या पुरवण्यांत, भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या संदेशांत हे छायाचित्र येते आणि त्याखाली बहुधा एकाच अर्थाची ओळ असते : सातासमुद्रापार जाऊनही हिने आपला पोशाख सोडला नाही.

ही ओळ चुकीची नाही, पण अपुरी आहे. आनंदीबाईंनी साडी सोडली नाही हे खरे. पण ज्या पद्धतीची साडी नेसून त्या लहानाच्या मोठ्या झाल्या, ती पद्धत त्यांनी अमेरिकेत बदलली. नऊवारीचा कासोटा सोडून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. ही गोष्ट नुसते छायाचित्र पाहून कळत नाही, पत्रे वाचल्यावर कळते. जाणकार अभ्यासकांना ती माहीत आहे, पण आनंदीबाईंची कथा सांगताना ती सहसा तळटीपेच्या पलीकडे जात नाही. माझ्या मते ती कथेच्या मध्यभागी असायला हवी. जिथे राहायचे तिथे आपण बसत नाही, आणि जिथून आलो तिथेही कधी नीट बसलो नव्हतो, अशा माणसाची ‘रीत’ कशी घडते, हे त्या एका बदलात दिसते.

आनंदीबाईंविषयीची साधने विपुल नसली तरी तोकडीही नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १८८८ मध्ये, कॅरोलाइन हीली डॉल यांनी बोस्टनहून इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. १८८९ मध्ये काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र आले. पतीला लिहिलेली मराठी पत्रे आपल्यापर्यंत पोचली ती मुख्यतः काशीबाईंमुळे. पुढे श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी (१९६८), अंजली कीर्तने यांचे संशोधनपर चरित्र आणि मीरा कोसंबी यांचे इंग्रजी लेखन झाले. माझा कोणत्याही विद्यापीठाशी संबंध नाही. वाचनालयात बसून पत्रे आणि भाषणे कालक्रमाने लावायची आणि एकेका शब्दाचा माग काढायचा, एवढीच माझी पद्धत. इथे मी कपड्यांचा माग काढला आहे.

त्याची सुरुवात अमेरिकेत होत नाही. मार्च १८६५ मध्ये जन्मलेल्या यमुनेचे नवव्या वर्षी लग्न झाले आणि ती आनंदी झाली. गोपाळराव टपालखात्यात होते. बदल्यांबरोबर बिऱ्हाड हलत राहिले : कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, बराकपूर, श्रीरामपूर. मराठी मुलखापासून प्रत्येक वेळी थोडे अधिक दूर. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. म्हणजे १८८३ साली ही मुलगी ‘घर सोडून’ परदेशी निघाली, असे म्हणताना ‘घर’ म्हणजे नेमके कोणते, हा प्रश्न पडतो. शेजारणींच्या ओळखीचे, सणवारांच्या सवयीचे, आपली म्हणण्याजोगी माणसे असलेले घर तिच्या वाट्याला फार काळ आलेच नव्हते.

कपड्यांचा पहिला ठळक उल्लेख येतो तो २४ फेब्रुवारी १८८३ च्या भाषणात. श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात, इंग्रजीत, अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या आनंदीबाईंनी आपण अमेरिकेला का जातो हे जाहीरपणे सांगितले. लोक विचारत असलेले सहा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाला उत्तर दिले. अमेरिकेलाच का, इथे शिकण्याची सोय नाही का, एकटी का, परतल्यावर जात वाळीत टाकणार नाही का, संकट आले तर काय, आणि आजवर कोणत्याही बाईने न केलेली गोष्ट तुम्हीच का करावी. या भाषणाचा उल्लेख पुष्कळदा होतो, पण त्यातला मुंबईचा तपशील बहुधा गाळला जातो. मुंबईत शाळेला जाताना लोक खिडक्यांतून डोकावत, गाडीतून जाणारे वळून पाहत, रस्त्यावरचे मोठ्याने हसत. त्यांच्या ओरडण्याचा रोख असा असे : बूट-मोजे घालून शाळेत जाणारी ही कोण बाई? कलियुग आले ते हेच ना?

इथे टिंगल करणाऱ्याची नजर पुस्तकांवर नाही, पायांवर आहे. बाईने शिकावे की नाही हा वाद करायला निदान चार शास्त्रवचने आणि तासभर वेळ लागतो. पायांतले बूट मात्र एका क्षणात दिसतात आणि निकाल लागतो. कलियुगाचा पुरावा म्हणून एका मुलीचे मोजे पुरले. स्वतःच्याच भाषेच्या शहरात, स्वतःच्याच जातीच्या माणसांत ती परकी ठरली, ती पेहरावामुळे.

हे बूट-मोजे तिने स्वतः निवडले होते का? भाषण त्याचे उत्तर देत नाही. पण त्या घरात निर्णय कोण घेत असे, याविषयी शंका उरू नये असे एक पत्र पुढे अमेरिकेतून तिने नवऱ्यालाच लिहिले आहे. त्याकडे मी येणारच आहे. तूर्त एवढेच म्हणतो की कल्याणची नेसण परंपरेने दिली आणि सुधारणेचे वारे गोपाळरावांमार्फत आले. यांपैकी काहीही आनंदीबाईंना विचारून झालेले नव्हते.

श्रीरामपूरच्या भाषणात आणखी एक गोष्ट घडते. वाळीत पडण्याच्या प्रश्नाला उत्तर देताना त्या सांगतात की माझे खाणेपिणे, पोशाख, वागणूक इथे आहे तशीच तिथे राहील. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन. या वचनाला पार्श्वभूमी होती. १८७८ मध्ये गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांच्याशी केलेला पत्रव्यवहार त्यांच्या मासिकात छापला गेला होता. मदतीच्या मागे धर्मांतराची अपेक्षा आहे, हे त्यातून उघड झाले होते. तोच अंक न्यू जर्सीतल्या थिओडिसिया कार्पेंटर या बाईंच्या हाती पडला आणि त्यांनी कोणतीही अट न घालता पत्र पाठवले, म्हणून पुढचे सारे घडले. तरी इथल्या लोकांना जामीन हवाच होता. तो जामीन म्हणजे साडी. मनात काय चालले आहे हे कोण पाहणार? अंगावर काय आहे ते मात्र कोणीही पाहू शकते. मुंबईच्या रस्त्यावर जे बुटांनी सिद्ध केले होते, त्याच्या नेमके उलट आता साडीने सिद्ध करायचे होते. न्यायाधीश तेच, पुरावा मागण्याची रीतही तीच.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. उन्हाळा रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी गेला. त्या बाई आता ‘मावशी’ झाल्या होत्या. शरद ऋतूत फिलाडेल्फियाचे महाविद्यालय सुरू झाले आणि मग थंडी आली.

नऊवारीची नेसण ज्यांनी आजीच्या अंगावर पाहिली आहे त्यांना मुद्दा लगेच कळेल. कासोटा मागे खोवल्यावर पोटऱ्या उघड्या राहतात. कोकणात आणि देशावर ही नेसण कामाला सोयीची. पाण्यातून, चिखलातून, चढणीवरून चालताना पायात येत नाही. पण फिलाडेल्फियात तिच्यावर दोन बाजूंनी अडचण आली. एक म्हणजे हाडे गोठवणारी हवा. दुसरी म्हणजे तिथल्या सभ्यतेची कल्पना, जिच्यात बाईचा घोटासुद्धा दिसता कामा नये. जी नेसण इथे मर्यादेची खूण, तीच तिथे मर्यादेचा भंग. आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली ती या दोन्ही कारणांनी. कासोटा नाही, पाय घोट्यापर्यंत झाकलेले, पदर उजव्या खांद्यावरून पुढे.

त्यांच्यापुढे सोपी वाट उघडी होती : तिथला झगा. चारचौघींत मिसळून जाण्याची आणि उबेचीही ती वाट होती. दुसरी वाटही होती : कुडकुडत नऊवारीला चिकटून राहायचे आणि वचन अक्षरशः पाळायचे. आनंदीबाईंनी उत्तर तिसरीकडे शोधले, हिंदुस्थानातल्याच दुसऱ्या प्रांतात. गुजराती नेसण त्यांना कुठून सुचली असेल? मुंबईत त्या राहिल्या होत्या, भूजमध्येही राहिल्या होत्या. गुजराती बायकांचा पेहराव त्यांच्या रोजच्या पाहण्यातला असणार. हा माझा तर्क आहे, पण बदल्यांची यादी समोर ठेवली तर तो फार ताणलेला वाटत नाही. ज्या भटकंतीमुळे ती मुलगी कुठलीच राहिली नव्हती, त्याच भटकंतीने तिच्या गाठीला एक जास्तीची नेसण बांधून दिली. कल्याण सोडून कुठेच न गेलेल्या मुलीला कदाचित नऊवारी आणि झगा हे दोनच पर्याय दिसले असते.

हा बदल नवऱ्याला समजावून सांगणे भाग होते. गोपाळराव हा विलक्षण माणूस. बायकोला शिकवण्यासाठी त्यांनी जे केले ते त्या काळात फार थोड्यांनी केले असते. आणि दूर गेलेल्या बायकोच्या निष्ठेविषयी, धर्माविषयी, वागण्याविषयी पत्रांतून संशय घेण्याचे कामही त्यांनीच केले. त्या पत्रव्यवहारातल्या एका पत्रात आनंदीबाई आपल्या लहानपणाचा हिशेब मांडतात. तुम्ही मला वागवलेत ते चांगले की वाईट, असे विचाराल तर दोन्ही, असे त्यांचे उत्तर आहे. अंतिम हेतू पाहिला तर योग्य, पण लहान मुलाच्या मनावर होणारा परिणाम पाहिला तर अयोग्य. आणि मग वयाचे आकडे घालून त्या सांगतात : लाकडाच्या तुकड्यांनी मारले तेव्हा माझे वय काय होते, पुस्तके आणि खुर्च्या फेकल्या तेव्हा काय होते, सोडून जाण्याच्या धमक्या दिल्या तेव्हा काय होते.

मराठी गद्यात या पत्राला मोठी जागा मिळायला हवी होती असे मला वाटते. त्यात आक्रोश नाही आणि क्षमाही नाही. आधी समोरच्याचे जेवढे खरे तेवढे मान्य करायचे, मग आपले जेवढे खरे तेवढे न वगळता मांडायचे, आणि दोन्हींतले कोणतेही दुसऱ्यात विरघळू द्यायचे नाही, अशी त्याची बांधणी आहे. मला पेहरावाचा निर्णय आणि या पत्राची शैली एकाच मनाची वाटते ती यामुळे. दोन्हीकडे उत्तर ‘दोन्ही’ हेच आहे. साडी ठेवली आणि नेसण बदलली. उपकार मानले आणि मारही लिहून ठेवला. शैली हा शब्द आपण लेखनासाठी वापरतो आणि पेहरावासाठी ‘आवड’ किंवा ‘फॅशन’ म्हणतो. पण काय ठेवायचे, काय बदलायचे, आणि ते कोणी ठरवायचे, हा प्रश्न वाक्यापुढेही असतो आणि वस्त्रापुढेही.

हे अधिक स्पष्ट होण्यासाठी पंडिता रमाबाईंकडे पाहू. दोघी नात्यातल्या. डॉल यांनी तर चरित्राच्या उपशीर्षकातच आनंदीबाईंची ओळख रमाबाईंची नातलग अशी करून दिली आहे. रमाबाई तर आणखी बेघर. जन्म गंगामूळच्या रानात, बालपण तीर्थयात्रांत, लग्न बंगाली गृहस्थाशी, तेही जातीबाहेर, आणि दोन वर्षांच्या आत वैधव्य. त्याही १८८३ मध्येच इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे आनंदीबाईंनी धर्म ठेवून नेसण बदलली, तर रमाबाईंनी धर्म बदलून पांढरी साडी आणि शाकाहार ठेवला. ज्या भगिनींनी त्यांना आसरा दिला त्यांना हे जड गेले. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, ती ना मला कळतात ना माझ्या देशबांधवांना, तिथे संस्कृत शब्द असावेत, असा रमाबाईंचा आग्रह होता. सिस्टर जेराल्डिनशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हा वाद वाचायला मिळतो. तिथल्यांना तो अहंकार वाटला आणि इथल्यांच्या लेखी त्या बाटलेल्याच राहिल्या.

रमाबाईंनी नंतर नजर उलटी फिरवली. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) या पुस्तकात अमेरिकन स्त्रियांच्या संघटनांचे त्या मनापासून कौतुक करतात. पण श्वास कोंडेल इतकी कंबर आवळणारी वस्त्रे आणि टोप्यांवर मारून बसवलेले पक्षी यांविषयी त्या तितक्याच परखड आहेत. आपला पोशाख कोणीतरी सतत तपासत असण्याची सवय झालेल्या बाईने तपासणाऱ्यांचा पोशाख तपासला. या पुस्तकाची भाषाही पाहण्यासारखी आहे. १८८२ च्या ‘स्त्रीधर्मनीति’ची भाषा संस्कृतच्या अलंकारांनी जडावलेली आहे. पंडिता म्हणून मिळालेल्या मानाला साजेल असा तो पेहराव होता. सात वर्षांनी तीच लेखिका मोकळी, बोलकी, प्रसंगी खोचक मराठी लिहिते. मधल्या काळात तिला कुठे मुळे मिळाली म्हणून हे झाले नाही. कोणत्याही गोटात बसण्याची आशा सोडल्यावर कोणाला शोभेल असे लिहिण्याचीही गरज उरली नसावी.

मग आनंदीबाईंच्या नेसणीचा बदल आपल्या कथनातून मागे का पडला? मला कारण असे दिसते की आपण त्यांचे आयुष्य वचनपूर्तीची कथा म्हणून सांगतो. हिंदू म्हणून जाईन म्हणाल्या, हिंदू म्हणून परत आल्या. अशा कथेला न बदललेली साडी लागते. परंपरेचा अभिमान असणाऱ्यांना ती लागते हे उघड आहे, पण सुधारकी वळणाच्या लेखकांनाही ती सोयीची पडते. शिकूनही बाई बिघडत नाही, हे संशयी समाजाला पटवायला त्याहून चांगला पुरावा कोणता? श्री. ज. जोशींच्या कादंबरीचा गुरुत्वमध्य गोपाळराव आहेत. ती गोपाळरावांची उत्तम व्यक्तिरेखा आहे, पण तिच्यात आनंदीबाई बहुतेक वेळा त्यांच्या जिद्दीचे फळ म्हणून उभ्या राहतात. फळाला नेसण बदलण्याचा निर्णय घेता येत नाही. काशीबाईंच्या चरित्रात निदान पत्रे आहेत. बाईने बाईचे चरित्र लिहिताना गोपाळरावांच्या विक्षिप्तपणाकडे डोळेझाक केलेली नाही, हे मुद्दाम सांगायला हवे.

कोणी म्हणेल की एवढ्याशा गोष्टीवर इतका भार कशाला? थंडी वाजली, नेसण बदलली, व्यवहार झाला. माझे म्हणणेही तेच आहे : तो व्यवहार होता. आणि व्यवहार पाहण्याची परवानगी आपण त्यांना कधी दिली नाही. मुंबईच्या रस्त्याला त्यांच्या बुटांत कलियुग दिसले, श्रीरामपुरात साडी हा जामीन झाला, आपल्याला छायाचित्रात संस्कृती दिसते. आपले अंग झाकायला, ऊब मिळायला आणि वर्गात बसायला काय नेसावे, हा प्रश्न त्या एकट्याच सोडवत होत्या. वचन मागणाऱ्यांपैकी कोणालाही फिलाडेल्फियाचा हिवाळा काढायचा नव्हता.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. इथेही तेच दिसते : विद्या तिथली, विषय इथला. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. धर्म बदलून साडी ठेवलेली एक आणि धर्म ठेवून नेसण बदललेली दुसरी, अशा दोघी त्या दिवशी एका सभागृहात होत्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागासाठी आनंदीबाईंची नेमणूक केली, पण त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. क्षयाने खंगून त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षे पूर्ण होण्याआधी, पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा कार्पेंटर मावशीकडे गेली आणि पोकीप्सी गावच्या दफनभूमीत तिला जागा मिळाली. कल्याणचीही नाही, पुण्याचीही नाही.

आजही लातूर-बीडकडून पुण्याला शिकायला येणाऱ्या मुलीला वसतिगृहात तिच्या बोलीवरून आणि गावी परतल्यावर तिच्या जीन्सवरून ओळखतात. दोन्हीकडे तिच्याकडून पुरावा मागितला जातो. तिच्या हाती आनंदीबाई द्यायच्या तर भिंतीवरचे छायाचित्र पुरेसे नाही. आनंदीबाईंची मराठी आणि इंग्रजी पत्रे मूळ भाषेत, तारखेनुसार, काहीही न गाळता, एका ग्रंथात मराठी वाचकाला मिळायला हवीत. खाण्यापिण्याचे, कपड्यांचे, थंडीचे, शेगडीच्या धुराचे उल्लेख किरकोळ म्हणून बाजूला ठेवण्याचा मोह संपादकाने टाळावा. त्या माहितीत वचन पाळणारी आदर्श स्त्री कदाचित सापडणार नाही. रोज सकाळी उठून आज काय नेसायचे हे स्वतः ठरवणारी एकोणीस-वीस वर्षांची मुलगी मात्र नक्की सापडेल.